लिननच्या टेबल रनरवर कसूती आणि जाळीची हेम

लिननच्या कापडावर भरतकाम करायचं तर पेन्सिल, कार्बन, ट्रेसिंग पेपर सगळं बाजूला ठेवा. या कापडाची वीण हाच आलेखाचा कागद आहे. कापायचं धाग्यावर, भरायचं धागे मोजून, आणि हेम (दुमडून शिवलेली कड) घालायची तीही धागे काढून. या तीन ठिकाणी धागा सांभाळला की रनर, म्हणजे टेबलाच्या मधोमध घालायची लांब पट्टी, सरळ पडतो. एकदा जरी अंदाजाने कात्री चालवली तरी ते तिरकेपण शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पिच्छा पुरवतं.

म्हणून इथे कसूती घेतली आहे. धारवाडकडची ही भरतकामाची कला सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडच्या घरांत इरकल साडीच्या पदरावर आणि खणावर पिढ्यान्‌पिढ्या दिसत आली आहे. तिच्यात नक्षी छापत नाहीत, धागे मोजत जातात, आणि दोऱ्याला गाठ मारत नाहीत. गवंती (सरळ रेघेचा) आणि मुरगी (पायऱ्यांचा) हे तिचे दोन टाके दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात. रनरची टोकं टेबलावरून लोंबतात, पंख्याच्या वाऱ्याने उलटतात, तेव्हा खालची बाजूही दिसते. अशा जागी यापेक्षा योग्य टाका नाही. नेगी (विणीसारखा भरीव) आणि मेंथी (फुलीचा) हे टाकेही सुंदर आहेत, पण त्यांची उलटी बाजू वेगळी दिसते. ते रनरच्या मधल्या भागात भरा, लोंबत्या टोकांवर नको.

कापड

लिनन म्हणजे जवसाच्या खोडातला धागा. विदर्भात आपण जवस पेरतो तो बियांसाठी, तेलासाठी, चटणीसाठी. कापडासाठीचं जवसाचं वाण उंच आणि कमी फांद्यांचं असतं, आणि ते मुख्यतः फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्सच्या किनारी पट्ट्यात पिकतं. हा धागा फारसा ताणला जात नाही, म्हणून लिननला पडलेली चुणी सहज जात नाही. ओला झाल्यावर मात्र तो कोरड्यापेक्षा मजबूत होतो. इस्त्रीचं आणि धुण्याचं पुढचं सगळं तंत्र या दोन गुणांवर चालतं.

दुकानात लिनन म्हणून बऱ्याचदा सुती मिश्रण किंवा पॉलिएस्टरचं ‘लिनन लुक’ कापड पुढे येतं. कडेचे चार-पाच धागे ओढून, चिमट्यात धरून पेटवून बघा. लिनन कागदासारखं जळतं आणि मऊ करडी राख उरते. टोकाशी कडक काळा मणी तयार झाला तर त्यात पॉलिएस्टर आहे. सुती कापडही लिननसारखंच जळतं, त्यामुळे ही परीक्षा फक्त पॉलिएस्टर ओळखायला उपयोगी पडते. सुती मिश्रणावर कसूती करायला काही हरकत नाही, पण पॉलिएस्टरवर नको. त्याची दुमड इस्त्रीने नीट बसत नाही आणि धागा ओढून काढताना कापड गोळा होतं.

वजन 150 ते 200 जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपास असावं. शर्टाचं पातळ लिनन घेतलं तर हेमच्या आत दुमडलेली कड बाहेरून सावलीसारखी दिसते, आणि बारीक धागे मोजता मोजता डोळे दुखतात.

विकत घेण्यापूर्वी दुकानातच एक चाचणी करा. पुठ्ठ्यात 2 सेंमी × 2 सेंमीची चौकोनी खिडकी कापून ती कापडावर ठेवा आणि सुईच्या टोकाने उभे धागे मोजा, मग आडवे. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. 22 आणि 22 आले तर उत्तम, 22 आणि 24 चालतील. 22 आणि 28 आले तर ते कापड कसूतीसाठी सोडून द्या. त्यावर चौरस भरलात तर आयत दिसेल. पायऱ्या-पायऱ्यांची नक्षी थोडा फरक खपवून घेते, हत्ती आणि मोर मात्र लगेच बसके किंवा ताणलेले दिसतात.

मापं

सहा माणसांचं, 150 सेंमी लांबीचं टेबल धरू. दोन्ही टोकांना 15 सेंमी लोंबतं ठेवायचं, म्हणजे तयार रनर 180 × 36 सेंमी. हेमची रुंदी 2.5 सेंमी आणि आत दुमडायला 1 सेंमी, म्हणजे प्रत्येक बाजूला 3.5 सेंमी जास्त. कापायचं माप झालं 187 × 43 सेंमी.

आता आटणं. न धुतलेलं लिनन पहिल्या धुण्यात 4 ते 10 टक्के आटतं. 2 मीटर घेतलं आणि 8 टक्के आटलं तर 184 सेंमी उरतं, आणि आपल्याला 187 हवं. म्हणून सव्वादोन मीटर घ्या. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, 58 इंचांचा असेल तर त्यातून शेजारी-शेजारी तीन रनर निघतात, 44 इंचांच्या पन्ह्यातून दोन. एकच करायचा असला तरी उरलेल्या पट्टीचा एक हातभर तुकडा सरावाला लागणारच.

कापायच्या आधी कापड धुवा. पुढे रनर ज्या पाण्यात धुणार, तसंच पाणी घ्या. मशीनमध्ये 40 अंशांवर धुणार असाल तर आताही तसंच धुवा. पिळू नका, सावलीत वाळत घाला, आणि अजून दमट असतानाच कडक इस्त्री करा. पूर्ण वाळलेल्या लिननवर कितीही वाफ सोडली तरी चुण्या राहतात.

धाग्यावर कापणं

मोजपट्टी आणि खडूने रेघ मारून लिनन कापू नका. कडेला 1 सेंमीचा काप द्या, तिथला एक धागा सुईने उचला आणि हलक्या हाताने ओढा. कापड चुरमडतं. त्या चुण्या पुढे सरकवत गेलं की धागा निघतो आणि मागे बारीक मोकळी वाट राहते. त्या वाटेवरून कात्री चालवा. चारही बाजू अशाच.

धागा मध्येच तुटतो, आणि तो तुटणारच. लिननच्या धाग्यात जाड-बारीक गुठळ्या असतात, त्या वाटेत अडकतात. तुटला तिथपर्यंत कापा, मोकळ्या वाटेचं टोक डोळ्यांसमोर ठेवून तोच धागा पुन्हा शोधा आणि पुढे जा. शेजारचा धागा चुकून उचलला तर पुढची सगळी कड एका धाग्याने सरकते, म्हणून इथे घाई नको. त्या रेषेवर कोरड्या साबणाची वडी फिरवली तर धागा सहज सरकतो.

कापून झाल्याबरोबर चारही कडांवर साध्या दोऱ्याने तिरके टाके घाला, अर्धा सेंमी खोल आणि एक सेंमी अंतरावर. भरतकाम चालू असताना हात लागून कडा उसवत जातात आणि 1 सेंमीची दुमड अर्ध्यावर येते.

आता हेमची रेषा ठरवा. कापलेल्या कडेपासून 6 सेंमी आत. हिशेब असा: 1 सेंमी आतली दुमड, 2.5 सेंमी हेमची मागची बाजू, 2.5 सेंमी पुढची. चारही बाजूंना या ठिकाणचा फक्त एक-एक धागा काढायचा. बाजूच्या मध्यावर तो कापा आणि दोन्हीकडे उसवत जा. लांब बाजूला वाटेत आणखी दोन-तीन ठिकाणी कापला तरी चालतो, कारण तो पूर्णच जाणार आहे. मात्र जिथे आडवी आणि उभी रेषा एकमेकींना भेटतात त्या कोपऱ्यावर थांबा. धागा तिथपर्यंत उसवून त्याचं 5 सेंमीचं शेपूट तसंच राहू द्या. कोपऱ्याच्या पलीकडे, म्हणजे हेमच्या पट्टीत, एकही धागा काढायचा नाही.

हेमलगत धागे काढून जी मोकळी वाट होते ती जाळी; तिचे बाकीचे धागे आत्ता काढू नका. ते भरतकाम झाल्यावर काढायचे. आधी काढले तर मोकळे उभे धागे भरतकामाच्या रिंगमध्ये आणि बोटांत अडकून ताणले जातात.

दोरा, सुई, रिंग

सहा पदरी सुती भरतकामाच्या दोऱ्यातले दोन पदर घ्या. खाली दिलेल्या नक्षीला दोन्ही टोकांची मिळून, दोऱ्याची सुटी सोडायची शेपटं न धरता, साधारण 7 मीटर दुपदरी दोरा लागतो. 8 मीटरच्या एका लडीतून असा 24 मीटर निघतो, म्हणजे एक लडी पुरून उरते. फिक्या किंवा नैसर्गिक रंगाच्या लिननवर मरून, गडद हिरवा किंवा काळा दोरा उठून दिसतो. एकाच रंगात करा, निदान पहिला रनर तरी. पदर एकदम ओढून वेगळे करू नका. एकेक पदर सुटा काढा आणि मग दोन एकत्र जुळवा, म्हणजे दोरा पिळत नाही आणि टाका सपाट बसतो.

मरून आणि लाल दोऱ्याचा रंग जातो का ते आधीच बघा. ओल्या पांढऱ्या सुती कपड्यात दोरा गुंडाळून त्यावर गरम इस्त्री दाबा. डाग उमटला तर ती लडी रनरला वापरू नका.

सुई बोथट टोकाची हवी, 24 किंवा 26 नंबरची. नेहमीची टोकदार सुई धागा चिरून जाते. कसूतीत सुई दोन धाग्यांच्या मधल्या भोकातूनच गेली पाहिजे, नाहीतर परतीचा टाका बसत नाही. रिंग 15 सेंमीची पुरते. तिच्या आतल्या कड्यावर सुती पट्टी गुंडाळा आणि काम थांबवलं की दर वेळी रिंग काढून ठेवा. लिननवर रात्रभर राहिलेल्या रिंगचा वळ धुतल्याशिवाय जात नाही.

नक्षीचा हिशेब

धरू की कापडात सेंमीला 11 धागे आहेत. प्रत्येक टाका 3 धाग्यांवर, म्हणजे पावणेतीन मिलिमीटरचा.

नक्षी आहे गोपुरासारख्या पायऱ्यांची, मुरगी टाक्याची. एक उभा टाका, एक आडवा, असं एकाआड एक. चार उभे चढत जायचं, शिखरावर एक आडवा, मग चार उभे उतरायचं, पायथ्याशी एक आडवा, आणि पुढचं गोपुर सुरू. एका गोपुरात 8 उभे आणि 8 आडवे टाके होतात. रुंदी 24 धागे, उंची 12.

रुंदीत दोन्ही हेमरेषांच्या मध्ये 31 सेंमी, म्हणजे 341 धागे आहेत. 13 गोपुरांना 13 × 24 = 312 लागतात, त्यातून शेवटचा पायथ्याचा आडवा टाका वजा करा, राहिले 309. दोन्ही बाजूंना 16-16 धागे उरतात. त्यांतले 4 पुढे जाळीत जातील. तुमच्या कापडात धाग्यांचा आकडा वेगळा येईल, हिशेब याच पद्धतीने करा. गोपुरांची संख्या मात्र विषम ठेवा, म्हणजे मधलं शिखर बरोबर मध्यावर येतं.

रुंदीचा मधला धागा शोधून त्यावर लांबीच्या दिशेने वेगळ्या रंगाचा कच्चा दोरा घाला. टोकाच्या हेमरेषेपासून 4 सेंमी वर दुसरा कच्चा दोरा आडवा घाला. या दोन रेषांवर सगळं काम तोलून बघायचं आहे.

आधी हात बसवायला गवंतीची सरळ रेघ भरा, त्या आडव्या कच्च्या दोऱ्याच्या लगत. तीन धागे वर, तीन खाली असा साधा धावदोरा घालत 103 टाक्यांच्या लांबीचं अंतर जायचं, आणि त्याच भोकांमधून परत यायचं. जाताना ज्या जागा रिकाम्या राहिल्या त्या येताना भरतात. मधल्या धाग्यापासून डावीकडे 154 धागे मोजा, ती सुरुवात.

तिच्या वर 6 धागे सोडून उलट्या गोपुरांची, म्हणजे खाली शिखर असलेली ओळ. मग 3 धागे सोडून सुलट्या गोपुरांची. दोन्हींचे पायथे समोरासमोर येतात आणि मध्ये पायऱ्यांचे हिरे तयार होतात. सर्वांत वर पुन्हा 6 धागे सोडून गवंतीची रेघ. सगळा पट्टा साडेतीन सेंमी उंच होतो.

टाका

मुरगीची युक्ती सोपी आहे: जाताना सगळे उभे टाके सुलट्या बाजूला, सगळे आडवे उलट्या बाजूला. येताना याच्या बरोबर उलट. जाऊन झालं की कापडावर फक्त उभ्या काड्यांची चढ-उतार दिसते. ती काडी-काडी नक्षी बघून मन खट्टू करून घेऊ नका, परतीच्या वाटेत गोपुर उभं राहतं.

दोरा 45 सेंमीपेक्षा लांब घेऊ नका. लिननची वीण खरखरीत असते, लांब दोरा घासून त्याची लव निघते. एका गोपुराला जाऊन-येऊन साधारण 9 सेंमी दोरा लागतो, म्हणजे 45 सेंमीत चार गोपुरं आणि दोन शेपटांपुरता दोरा. 13 गोपुरं 4, 3, 3, 3 अशी वाटून घ्या. प्रत्येक दोरा तेवढं अंतर जातो आणि आपल्या सुरुवातीला परत येतो. पुढचा दोरा आधीचा जिथून वळला तिथून सुरू होतो.

गाठ नाही. सुरुवातीला 5 सेंमीचं शेपूट उलट्या बाजूला सोडा. काम झाल्यावर ते सुईत ओवून टाक्यांच्याच वाटेने चार-पाच टाक्यांखालून फिरवा आणि कापा. आडवं-तिडवं फिरवलंत तर उलट्या बाजूला लगेच दिसतं.

परत येताना सुई त्याच भोकात जाते, तिथे रेघ वाकडी होण्याची भीती असते. उपाय हा की दर वेळी एकच नियम पाळायचा: भोकात आधीच्या दोऱ्याच्या वरच्या अंगाने शिरा आणि पुढच्या भोकातून खालच्या अंगाने बाहेर या. कधी वर, कधी खाली झालं की रेघ करवतीसारखी दिसते. आधीचा दोरा सुईने चिरला गेला तर तेवढा टाका लगेच मागे घ्या. पुढे उसवायला गेलात तर दोन्ही फेऱ्या उसवाव्या लागतात.

ताण इतकाच की टाका कापडावर टेकलेला राहील. टाक्याच्या टोकाला भोक मोठं दिसू लागलं, तर दोरा जास्त ओढला जातोय.

मोजणी चुकली आहे की नाही हे परतायच्या आधी कळायला हवं. सातव्या गोपुराचं शिखर मध्यावरच्या कच्च्या दोऱ्यावर आलंच पाहिजे. एका धाग्याने जरी सरकलं असेल तरी ‘चालून जाईल’ म्हणू नका, कारण दुसरी ओळ समोर आली की हिऱ्यांचा एक कोपरा उघडा राहतो. चूक बहुधा चढताना सापडते, तीनच्या जागी चार धागे उचललेले असतात.

जाळी आणि कोपरे

दोन्ही टोकांचं भरतकाम झालं की उलट्या बाजूने इस्त्री करा, खाली जाड टॉवेल घालून. मग हेमरेषेला लागून आतल्या बाजूचे आणखी तीन धागे काढा, पहिल्यासारखेच कोपऱ्यापर्यंत. चार धाग्यांची, साडेतीन मिलिमीटरची मोकळी वाट तयार होते.

आता दुमडी. आधी चारही बाजूंना 1 सेंमी आत दुमडून इस्त्री, मग 2.5 सेंमी. दुसरी दुमड हेमरेषेला नेमकी टेकली पाहिजे. मोजपट्टीपेक्षा कापडाचा धागा खरा मानून दुमडा.

कोपऱ्यासाठी दुसरी दुमड उघडा, पहिली तशीच ठेवा. दोन बाजूंच्या बाहेरच्या घड्या जिथे एकमेकींना छेदतात, त्या बिंदूवरून कोपरा तिरका आत दुमडा. माप बरोबर असेल तर कोपऱ्याचं टोक नेमकं जाळीच्या कोपऱ्यावर येऊन टेकतं. तसं नसेल तर कात्री हातात घेऊ नका, आधी कुठली दुमड चुकली ते शोधा. टेकलं की तिरकी घडी इस्त्रीने पक्की करा, सगळं उघडा, आणि घडीच्या बाहेर 6 मिमी सोडून टोक कापून टाका. पुन्हा पहिली दुमड, तिरकी दुमड, दुसरी दुमड. दोन तिरक्या कडा एकमेकींना लागतात, त्या लपत्या टाक्यांनी जोडा. काढलेल्या धाग्यांची 5 सेंमीची शेपटं याच वेळी दुमडीच्या आत सरकवा. ती आत शिवली गेली की कोपरा कधी उसवत नाही.

चारही बाजूंची दुमड कच्च्या टाक्याने धरून ठेवा. टाचण्यांवर भागवू नका. 175 सेंमीच्या बाजूवर टाचण्यांमधलं कापड हळूहळू पुढे सरकतं आणि शेवटच्या कोपऱ्यापाशी झोळ येतो. हेम लाटांसारखी दिसण्याचं हे पहिलं कारण आहे, दोरा घट्ट ओढणं हे दुसरं.

जाळीचा टाका उलट्या बाजूने, डावीकडून उजवीकडे, हेम आपल्याकडे धरून घालायचा. दोरा कापडाच्या रंगाचा 40 नंबरचा सुती. पॉलिएस्टरचा दोरा चिवट असतो, नाजूक धाग्यांना कापतो. सुरुवात दुमडीच्या आतून करा. जाळीतल्या चार उभ्या धाग्यांखालून सुई उजवीकडून डावीकडे काढा आणि आवळा, म्हणजे चारांची जुडी बांधली जाते. मग सुई त्याच जुडीच्या उजवीकडून मागे घालून दुमडीच्या कडेचे दोन धागे उचलत बाहेर काढा. पुढची जुडी. सुलट्या बाजूला एवढासा उभा टाका दिसतो आणि खिडक्यांची रांग.

रुंदीच्या बाजूला 341 मधून दोन्हीकडचे जाळीतले चार-चार वजा जाता 333 धागे राहतात, त्यांना चारने भागलं तर एक उरतो. कोपऱ्याच्या तीस धागे आधीच उरलेले मोजा आणि एक जुडी पाचची करा. शेवटच्या जुडीत दोनच धागे राहिले तर ती खिडकी चटकन डोळ्यांत भरते. पूर्ण रनरभोवती अशा साधारण 1,125 जुड्या होतात. मिनिटाला चार धरल्या तरी पावणेपाच तासांचं काम आहे, दोन-तीन बैठकांत वाटून घ्या. थकलेला हात जुड्या कमी-जास्त आवळतो.

एवढा वेळ नसेल तर धागे न काढता लपत्या टाक्यांची साधी हेम घाला, अर्ध्या सेंमीवर एक टाका, पुढचा एकच धागा उचलत. ती हेमही चांगली दिसते. मशीनची टीप मात्र कसूतीच्या शेजारी शोभत नाही.

धुणं आणि ठेवणं

कच्चे दोरे काढा, कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, दमट असतानाच उलट्या बाजूने टॉवेलवर इस्त्री करा. सुलट्या बाजूने इस्त्री फिरवली तर टाके चपटे होऊन चकाकतात. ठेवताना घडी घालू नका. लिनन पुन्हा पुन्हा एकाच घडीवर मोडत राहिलं की तिथला धागा तुटतो. पुठ्ठ्याच्या नळीवर सुती कापड गुंडाळून त्यावर रनर गुंडाळा, भरलेली बाजू बाहेर ठेवून.

जेवणाच्या टेबलावर हळद सांडणारच. डागाला साबण लावला की तो लाल होतो. घाबरू नका, हळदीचा रंग क्षाराने तसा बदलतो. साबण खळखळून काढा आणि डागाचा तेवढाच भाग दोन-तीन दुपारी उन्हात धरा. हळद उन्हात फिकी होत जाते. भरलेला पट्टा मात्र त्या वेळी पांढऱ्या कपड्याने झाकून ठेवा, कारण ऊन मरून दोऱ्याचाही रंग उडवतं.